शून्याचं माणूस

मी जात्याच संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी ते शेगडीवर ठेवत नाही, आणि कुणी माझं फार गोड कौतुक करायला लागलं की याला माझ्याकडून काय पाहिजे, हेच माझ्या मनात पहिलं येतं. माझे मालक ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. ते म्हणतात, "उज्ज्वला, तू पोलिसात पाहिजे होतीस." मी म्हणते, पोलिसात असते तर तुम्हालाच पहिलं आत टाकलं असतं.

कुपवाडला मगदूमशेठच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये मी लाइन सुपरवायझर आहे. होते म्हणा आता. एकवीस वर्षं काढली तिथं. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचे लोखंडी डबे आमच्याकडे रंगायला यायचे. माझे धाकटे दीर प्रतापभाऊजी रंगाची गन चालवायचे आणि त्यांची बायको रोहिणी, म्हणजे माझी जाऊ, डबे हुकाला अडकवायची. घर एक, स्वयंपाक एक, शेडही एकच.

आमचा रंग ब्रशनं लागत नाही. पिठासारखी कोरडी पूड असते. गनच्या तोंडाशी सत्तर हजार व्होल्टची सुई, तिच्याजवळून जाताना पुडीच्या कणाकणावर ऋण प्रभार बसतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून पुडीचा गोळा होत नाही, ढग होतो. समोर डबा लटकलेला. डबा हुकाला, हुक वरच्या फिरत्या साखळीला, साखळीचा सांगाडा तांब्याच्या पट्टीनं जमिनीला जोडलेला. गन आणि डबा यांच्यामध्ये जे विद्युतक्षेत्र तयार होतं ते दिसत नाही, पण त्यात सापडलेला कण गुमान डब्यावर जाऊन बसतो, मागच्या बाजूलासुद्धा. त्यानं आणलेला प्रभार पट्टीतून जमिनीत उतरतो आणि काम बिनबोभाट चालतं.

पट्टीनं दगा दिला तर मात्र प्रभार डब्यावरच साठत जातो. डब्याचं विभव चढत जातं, खालचा नळ बंद ठेवून वर मोटार चालू ठेवावी तसं. मग जमिनीला टेकलेलं जे काही जवळ येईल त्याच्यावर तो ठिणगी टाकून मोकळा होतो. आणि भोवती तर सगळा कोरड्या पुडीचा ढग.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला हेच झालं. मी पूड भाजून पक्की करायच्या ओव्हनच्या टोकाला होते. 'भप्प' असा आवाज आला, कुणीतरी मोठी सतरंजी झटकावी तसा, आणि पिवळा उजेड. मी धावले तेव्हा प्रतापभाऊजी गुडघ्यावर बसले होते, दोन्ही हात पुढे धरून. हात त्यांचे वाटतच नव्हते. रोहिणी ओरडली नाही. तिनं पाण्याचा पाइप ओढला आणि त्यांच्या हातांवर धरून ठेवला, गाडी येईपर्यंत. मी मात्र नुसती "अगं बया, अगं बया" करत उभी. एकवीस वर्षांची सुपरवायझर!

आता जे सांगते ते नीट ऐका.

आमच्याकडं खंडेनवमीला मशिनची पूजा असते. सगळीकडंच असते. आदल्या दिवशी मशिन धुवायचं, पुसायचं, रंग मारायचा, मग दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. आमच्या शेडचा हा मान माझा. यंदा मी साखळीच्या सांगाड्याला लाल ऑइल पेंट मारला. उरकायचं म्हणून नाही, मनापासून मारला. तांब्याची पट्टी जिथं सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते तिथं गंज दिसत होता. अशी दोन टोकं. दोन्हीकडचे बोल्ट सोडवले, पट्ट्या बाजूला केल्या, घासून दोन हात रंग मारला, वाळू दिला आणि पट्ट्या परत आवळल्या. वर बोल्टांना मोरपिशी रंगाच्या टोप्या बसवल्या. शेठ म्हणाले, "ताई, मशिन नवरीसारखं दिसतंय." मी खूश.

भाऊजींना मिरजेच्या दवाखान्यात सोडून अकराला मी शेडवर परत आले तेव्हा कुणी नव्हतं तिथं. मी त्या लाल सांगाड्याकडं बघितलं. पट्टीच्या खाली रंग. मी तारेचा ब्रश आणि कानस घेतली, गनजवळच्या टोकाचा बोल्ट सोडवला, रंग खरवडून लोखंड पांढरं केलं, पट्टी आवळली. दुसऱ्या टोकाकडं वळणार, एवढ्यात सरकारी निरीक्षकांची गाडी फाटकात आली. मी कानस एप्रनच्या खिशात टाकली. निरीक्षक साबळेसाहेबांनी मीटर लावला, अर्थिंग चोख निघालं. तपासणीच्या तक्त्यावर त्या दिवसाची 'अर्थिंग बघितले' ही टिक होती. माझीच. सुट्टीवरून आल्यावर मीटर न लावता मारलेली. असली टिक सगळेच मारतात हो.

मी मनाला समजावलं, एवढा पातळ रंग सत्तर हजार व्होल्टला काय अडवणार! आणि बोल्टला आटे असतात, आट्यातून लागलंच असेल ना कुठंतरी. म्हणजे कारण दुसरंच असणार. कुणीतरी दुसरंच काहीतरी केलं असणार. आणि एकदा हे डोक्यात बसल्यावर मला प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं.

*

चार वर्षांपूर्वी नियम आला होता की अपघाताच्या चौकशीत जबाब साक्षीचौकटीतून घ्यायचा. दाराच्या चौकटीसारखीच दिसते ती. आत उभं राहायचं, अंगाला काही चिकटवायचं नाही. ती बसवायला पुण्याहून अन्वी दातार नावाची पोरगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, बारीक अंगाची, पण बोलायला अशी की कीर्तनकारानं शिकावं.

"काकू, आपलं हृदय प्रत्येक ठोक्याला विजेची एक लाट सोडतं," ती मला वायरी जोडता जोडता सांगायला लागली. "स्नायू आखडला, घाम फुटला, तरी अंगावरचं विभव बदलतं. त्याचं क्षेत्र शरीराच्या बाहेरही येतं. अगदी मंद, पण येतं. पूर्वी ते धरायला छातीला चकत्या लावायला लागायच्या. आता या पट्ट्या हातभर अंतरावरून धरतात."

"आणि त्यावरनं खोटं कळतं?"

"खोटं नाही कळत. फरक कळतो." ती थांबली, म्हणजे हे वाक्य तिला पुन्हापुन्हा सांगावं लागत असणार. "विभव एकट्याचं नसतंच मुळी. दोन ठिकाणांमधला फरक तेवढा मोजता येतो. डोंगर किती उंच, तर समुद्रापासून इतका. समुद्राला शून्य आपण म्हटलं म्हणून. तसं इथं एक शून्य ठरवावं लागतं. प्रत्येक शेडची हवा वेगळी, फरशी वेगळी, चपला वेगळ्या. म्हणून इथल्याच एका माणसाला आत उभं करून वीस प्रश्न विचारायचे आणि त्याचं जे येईल ते शून्य धरायचं. बाकीचे त्याच्यापासून किती लांब, एवढंच ही दाखवते. तीसच्या वर गेलं की लाल दिवा."

"मग शून्याचं माणूस कसं पाहिजे?"

"ज्याला लपवायला काही नाही असं."

मगदूमशेठ मागंच उभे होते. हसून म्हणाले, "मग शोधायचं काय त्यात? उज्ज्वलाताईंइतकं सरळ माणूस या औद्योगिक वसाहतीत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी 'नको' म्हणायला पाहिजे होतं. पण 'नको' म्हटलं असतं तर का नको, हे सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? मला बरंही वाटलं. मी आत गेले. तुमचं नाव काय, अपघाताच्या दिवशी तुम्ही काम चोख केलं का, तुम्ही काही लपवता आहात का, असे वीस प्रश्न. मी वीस उत्तरं दिली. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. छातीत मात्र ढोल वाजत होता. अन्वीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "झालं. काकू, आता तुम्ही आमचा समुद्र."

*

जबाब दोन दिवस चालले. चौदा माणसं. मी पडद्याशेजारी स्टूल टाकून बसले होते, कोणाचा आकडा किती येतो ते डोळ्यांत तेल घालून बघत.

आमच्याच लाइनवरचा बापू गवंडी आला. हा माणूस पोटातून बाहेर येतानासुद्धा थाप मारून आला असेल. त्याचा आकडा तीन. फाटकावरचा वॉचमन, झोपेबद्दल तीन वेळा मेमो मिळालेला, त्याचा पाच. बाकीच्यांचे दहाच्या आत, कुणाचे पंधरा. सगळे घाम पुसत आले आणि हसत गेले.

शेवटी रोहिणी. ती थेट दवाखान्यातून आली होती. चार रात्री झोप नाही, केसाला तेल नाही. आत जाऊन उभी राहिली, खांब उभा करावा तशी.

"तुम्ही हुक साफ केले होते?" अन्वीनं विचारलं.

"केले होते. सगळे. मोजून छत्तीस."

लाल दिवा. बासष्ट.

शेठनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. एकसष्ट. मग, "नवऱ्याला इजा व्हावी असं तुमच्या मनात होतं का?" ती म्हणाली, "नाही." चौसष्ट.

हुकावर जुन्या रंगाची पुटं राहिली की डब्याला जमीन मिळत नाही, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे हुक घासलेच नव्हते! देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी नाही. माझा रंग नाही. ही आहे.

आणि मग एकेक आठवायला लागलं. दसऱ्याच्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं. मी भिंतीपलीकडं चपात्या लाटत ऐकलं होतं. रोहिणी म्हणाली होती, "ही गन सोडा म्हणते ना मी. छातीत पूड जाते तुमच्या. तुम्ही नाही सोडलीत तर मीच काहीतरी करीन." मीच काहीतरी करीन! आणि ओरडली नाही ती, आग लागल्यावर. पाइप कसा लगेच हाताला सापडला तिच्या? आधी काढून ठेवला होता का?

घरी आल्यावर मी तिची वाट बघत ओट्याशी उभी राहिले.

"रोहिणी, काय केलंस ते मला तरी सांग."

"आक्का, तुम्हीसुद्धा?"

"बासष्ट म्हणजे थोडं नव्हे."

"मला आकड्यातलं कळत नाही. मी हुक घासले. हात बघा माझे." तिनं हात पुढे केले. बोटांची सालपटं निघाली होती. मी म्हटलं, सालपटं भांड्यांनीही निघतात.

ती रडली असती तर मी कदाचित विरघळले असते, पण ती रडली नाही. तेही मी तिच्याच खात्यात टाकलं. म्हटलं, "माझ्या घरात हे चालायचं नाही. तुझं तू बघ." तिनं एका पिशवीत दोन साड्या घातल्या आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात राहायला गेली. चौदा वर्षं एका घरात काढलेली जाऊ. माझ्या बाळंतपणात माझी लुगडी धुतलेली.

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? नाही. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले आणि ती औषधं आणायला खाली गेल्यावर भाऊजींना सगळं सांगितलं. आकड्यासकट. त्यांनी विचारलं, "वहिनी, मशिन चुकतं का?" मी म्हटलं, "मशिनला काय जाऊ, काय दीर? त्याला कुणाचं काय पडलंय?" त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

*

माझा संशय मला सोडत नाही, हे वर सांगितलंच. तो सगळ्यांना खाऊन झाल्यावर बापू गवंडीपाशी येऊन अडकला.

बापूनं चौकटीत सांगितलं होतं की सव्वाआठला तो ओव्हनपाशी होता. आता ओव्हनपाशी कोण होतं? मी होते. बापू नव्हता. पाचच मिनिटं आधी मी त्याला मागच्या भिंतीशी तंबाखू मळताना पकडून त्याचा उद्धार केला होता. म्हणजे तो चौकटीत धडधडीत खोटं बोलला. आणि आकडा तीन!

मी त्याला गाठलं. "बापू, तू ओव्हनपाशी होतास?"

"होतो की, ताई."

"तुझ्या मुसक्या बांधीन."

"नव्हतो," बापू म्हणाला. "पण मशिननं पास केलंय न्हवं? मग होतो."

मी अन्वीला फोन लावला. तिचा चेहरा पडद्यावर आला, मागं कुठल्यातरी गोदामात तिची दुसरी चौकट उभी होती. बापूचं नाव न घेता विचारलं, खोटं बोलणाऱ्याचा आकडा लहान कसा?

"तो तुमच्यासारखाच होता म्हणून," ती म्हणाली. "काकू, आकडा खोट्याचा नसतो, मी म्हटलं होतं तुम्हाला. तुमच्यापासून किती लांब, एवढंच."

"आणि शून्याचं माणूसच घाबरलेलं असलं तर?"

ती हसली. "मग पंचाईत. मग घाबरलेले सगळे हिरव्यात येतील आणि जो शांत असेल, ज्याच्या मनात काही नाही, तो सगळ्यात लांब पडेल. म्हणून तर आम्ही सरळ माणूस मागतो." मग ती हसायची थांबली. "का विचारताय?"

"सहज." मी म्हटलं. "आणि एक. पट्टीखाली ऑइल पेंट असला, दोन हात, तर?"

"अर्थिंगच्या पट्टीखाली? मग ती पट्टी नसल्यासारखीच. रंग वीज नेत नाही ना. थर कागदाएवढा असला तरी बास. काकू, तिथं कुणी रंग मारलाय का?"

मी फोन बंद केला.

शेडच्या मागं पाण्याची टाकी आहे, तिच्या पायरीवर मी बसले. बासष्ट म्हणजे काय ते मला आता कळलं होतं. रोहिणी माझ्यापासून बासष्ट घरं लांब होती. चौदा माणसांत ती एकटीच खरी होती म्हणून लांब होती, आणि बापू गवंडी माझा शेजारी होता. सोमवारी शेठ कागद पोलिसांकडं देणार होते. त्या दिवशी शुक्रवार. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? कुणाला नाही. समुद्राची उंची कोण मोजतं?

मला वाईट वाटलं म्हणून मी उठले, असं म्हणणार नाही. मला शिसारी आली. बापू गवंडीच्या शेजारी बसल्याची शिसारी.

*

शेठ केबिनमध्ये केळं खात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रंग, कानस, टिक. त्यांनी केळं अर्धं खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही थकलाय. जावेवर माया असते, मला समजतं."

"माया नाही शेठ. हे खरं आहे."

"मग चला चौकटीत," ते म्हणाले. "तुमचंच शून्य आहे. खरं असेल तर शून्यच येईल."

मी गेले. सगळी माणसं गोळा झाली. शेठनी विचारलं, "पट्टीखाली रंग तुम्ही मारला?" मी म्हटलं, "मी मारला. आणि निरीक्षक यायच्या आधी मीच खरवडला. रोहिणीचा काही दोष नाही."

बोलता बोलता माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. छाती शांत. हात कोरडे.

लाल दिवा. अठ्ठावन्न.

"बघा," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दया होती, तीच मला जास्त लागली. "जावेला वाचवायला खोटं बोलताय."

मी ओरडले की शून्यच चुकीचं आहे, मी त्या दिवशी घाबरले होते, आज नाही! माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बापू गवंडी पुढं आला आणि समजुतीनं म्हणाला, "ताई, मशिनपुढं हट्ट करू नये." बापू! मला! आणि शेठना तरी काय गरज होती माझं खरं मानायची? हुक घासले नाहीत तर दोष कामगाराचा. पट्टीखाली रंग म्हणजे दोष शेडचा.

मग मी कुणाशी बोलले नाही. साबळेसाहेबांच्या कचेरीत फोन केला आणि म्हटलं, तुम्ही आत्ता आला नाहीत तर मी मीडियाला बोलवीन. कुठला मीडिया, मला काय माहीत, पण ते तासाभरात आले. त्यांना मी सांगाड्याच्या लांबच्या टोकाला नेलं, ओव्हनमागं, जिथं त्या दिवशी माझा हात पोचला नव्हता. पाना लावला. पट्टी सोडवली. खाली लालभडक रंग, चकतीच्या आकाराचा, माझ्या ब्रशचे ओरखडे दिसत होते त्यात. मग गनजवळची पट्टी, मी खरवडलेली, ती त्यांच्याच हातानं सुटी करायला लावली, रंगावरची पट्टी परत आवळली आणि म्हटलं, आता लावा मीटर.

मीटर वाजला नाही. साबळेसाहेबांनी पुन्हा लावला. नाही वाजला. मी कानशीनं चार रट्टे मारून रंग काढला, पट्टी टेकवली. वाजला.

"गनजवळच्या टोकालाही असाच रंग होता?" त्यांनी विचारलं.

मी एप्रनच्या खिशातून ती त्या दिवशीची कानस काढून दिली. दातात लाल रंग बसलेला होता, तसाच. "लिहून घ्या," मी म्हटलं. "सही करते. ही टिकसारखी नाही."

त्यांनी लिहून घेतलं. चौकटीचा आकडा त्यांनी कागदावर घातलाच, नियम आहे म्हणाले, पण त्याच्या पुढं मीटरचं वाचनही घातलं. रोहिणीचं नाव कागदावरून गेलं. माझं आलं. शेठनी त्याच दिवशी मला फाटकाबाहेर काढलं आणि केस माझ्यावर चालू आहे, ती चालेल.

*

दवाखान्यात पोचले तेव्हा जेवणाची वेळ होती. भाऊजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजात. रोहिणी खाटेच्या कडेला बसून त्यांना मऊभात भरवत होती. ते भिंतीकडं बघत तोंड उघडत होते, भात घेत होते, परत भिंतीकडं. तिच्याकडं एकदासुद्धा नाही. अकरा दिवस हे असं चाललंय, हे मला शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं न विचारता सांगितलं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पदर डोळ्याला लावला नाही, माझा तो अधिकार नव्हता. रंग मी मारला. खरवडला मी. चौकटीत खोटं मी बोलले आणि तिच्यावर ढकललं. तुमचे हात माझ्यामुळं गेले, भाऊजी. आणि तुमची बायकोही मीच तोडली.

भाऊजींनी पहिल्यांदा भिंतीवरून मान फिरवली. माझ्याकडं बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हे तुम्ही चौकटीत बोललात?"

"बोलले."

"किती आला?"

मी रोहिणीकडं बघितलं. तिचा चमचा अधांतरी थांबला होता.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"म्हणजे खोटं," ते म्हणाले. हळूच म्हणाले, आणि मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना ते खोटंच असायला पाहिजे होतं. खरं निघालं तर गेले अकरा दिवस त्यांचे त्यांनाच गिळावे लागणार होते. मी साबळेसाहेबांचा कागद पुढं केला, मीटरचं सांगायला लागले.

"राहू द्या आक्का," रोहिणी म्हणाली. "मी ओळखते खरं. मला आकडा लागत नाही." मग ती त्यांच्याकडं वळली. "मी पाणी धरून उभी होते, तुमचे हात जळत होते तेव्हा. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघत होता. तेवढं पुरलं नाही तुम्हाला?"

तिनं वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला. कोपऱ्यातली पिशवी उचलली, दोन साड्यांची. मी म्हटलं, "रोहिणी, घरी चल. पाया पडते तुझ्या."

"कुठल्या घरी?" तिनं विचारलं, खरोखर माहीत नसल्यासारखं. मग म्हणाली, "भात गार होईल. ते तिखट खात नाहीत, चटणी देऊ नका." आणि ती गेली, जिन्याच्या दिशेनं, मागं न बघता.

मी खाटेच्या कडेला बसले. चमच्यात भात घेतला, पुढं धरला. भाऊजी दाराकडं बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.